स्थळपाहणी

वडनेरच्या फाट्यावर एका कडुनिंबाखाली तानाबाई थूलची चहाची टपरी होती. नागपूर मागं टाकून हैदराबादच्या वाटेला लागलेल्या ट्रकवाल्यांना तिच्या आल्याच्या चहाची आठवण यायची, आणि तिच्या जिभेचीही. साखर कमी पडली असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "गोड पायजे तं बायकोशी बोल." मग तोच माणूस हसत हसत दुसरा ग्लास मागायचा.

नवरा नत्थू हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. काविळीनं गेला तेव्हा दीपमाला रांगत होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक आपापल्या गावी गेले आणि तानाबाईनं फाट्यावर स्टोव्ह मांडला. डोक्यावर सावली म्हणाल तर निंबाची तेवढी. सिवनीकडचा मोतीलाल नावाचा ड्रायव्हर एका उन्हाळ्यात आपल्या ट्रकची जुनी ताडपत्री घेऊन उतरला आणि निंबाच्या फांदीला नि दोन बांबूंना बांधून देऊन गेला. "बहन, इस धूप में चाय से पहले तुम उबल जाओगी," म्हणाला. तेव्हापासून जाता-येता तो थांबायचाच. दीपमालाचं शाळेचं पहिलं दप्तर त्यानंच नागपूरहून आणलं होतं.

ट्रकवाल्यांच्या जीवावर पोरगी हिंगणघाटला बी.ए. झाली. आणि ट्रकवाल्यांच्याच पायी तिचं लग्न अडलं.

पहिलं स्थळ सिंदी मेघेचं होतं. माणसं आली, पोहे खाल्ले, मुलगी पसंत आहे असं तोंडावर म्हणाली. घरी जाऊन मध्यस्थाबरोबर निरोप धाडला, "पोट्टी चांगली हाय, पन ट्रकवाल्यायले च्या देते." दुसरं समुद्रपूरचं. ती मंडळी घरापर्यंत पोचलीच नाहीत. फाट्यावर उतरली, टपरीपुढं लागलेले ट्रक पाहिले, बाकावर तंगड्या पसरून बसलेले ड्रायव्हर पाहिले आणि समोरून आलेल्या एसटीत बसून परत गेली. पोहे दुपारी तानाबाईनंच शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले. त्या दिवशी ती कुणालाच उलट बोलली नाही, आणि जी बाई ट्रकवाल्याला सोडत नाही ती गप्प बसली की समजावं, फार लागलं आहे.

दीपमालाला टपरीवर येऊ नको म्हणून सांगून पाहिलं. पण सकाळच्या गर्दीत ग्लास कोण विसळणार? पोरगी यायची, मान खाली घालून विसळायची. सव्वीस उलटून गेली होती. गावात तिच्या मागच्या पोरी लेकरं घेऊन माहेरपणाला येत होत्या. तानाबाईला आता जगात एकच गोष्ट हवी होती: दीपमाला एका बऱ्या घरात पडावी, आणि त्या घरात कुणी ट्रकचं नाव काढू नये.

आता यात एक परदेशी कंपनी येते. कशी आली ते ऐका.

साता समुद्रापलीकडच्या एका शहरात काचेच्या खोलीत बसून काही शहाण्या लोकांनी ठरवलं की आपली कॉफीची दुकानं देशोदेशी झाली, भारतातल्या मोठ्या शहरांतही झाली, आता हायवेवर जायचं. कुटुंबं गाडीनं फिरतात, बायकांना स्वच्छ संडास लागतो, पोरांना गोड लागतं, बापाला झोप उडवायला कॉफी लागते. नागपूर ते हैदराबाद रस्त्यावर एक दुकान टाकून पाहू. चाललं तर देशभर टाकू. फक्त एक पथ्य त्यांनी घालून घेतलं होतं. जिथं ट्रक थांबतात तिथं कारवाली कुटुंबं थांबत नाहीत, म्हणून तशा जागी जायचं नाही. कुठं कोण थांबतं ते कसं कळणार? तिथल्याच माणसाला विचारायचं. तिथला साधा माणूस खोटं बोलत नाही, असं त्या शहाण्यांचं मत होतं. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी लग्नाची मुलगी नसावी.

तर होळीच्या सुमारास नागसेन नगराळे नावाचा एक तरणा माणूस मोटारसायकलवरून तानाबाईच्या टपरीवर उतरला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. टपरीच्या खांबाला बाबासाहेबांचा फोटो होता तो पाहून त्यानं हात जोडले. "जयभीम, मावशी."

तानाबाईचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. तिनं कार्डावरचं आडनाव पाहिलं. नगराळे. आपलेच. थूलांशी नात्यात लागत नाहीत, म्हणजे सोयरीक चालते. "कोन्या गावचे?" तिनं विचारलं.

"पुलगावचा. आता नागपुरात असतो."

"घरी कोन कोन?"

"आई आहे. लहान भाऊ शिकतो." कंपनीनं नागसेनला शिकवलं होतं की आधी लोकांत मिसळा, घरचं बोला, मग कामाचं विचारा. तो निमूट उत्तरं देत गेला.

"लग्न?"

"नाही अजून."

"मंग इकडं कसं येनं केलं?"

आता कंपनीनं हेही बजावलं होतं की दुकानाचं नाव काढायचं नाही, नाहीतर लोक जमिनीचे भाव चढवतात. नागसेन जरा घुटमळला. मग कचेरीतल्या मराठीत जो शब्द होता तोच त्यानं उचलून सांगितला. "स्थळ पाहायला आलोय, मावशी. चांगलं स्थळ कुठं मिळतं ते पाहतोय."

आता सांगा, लग्नाच्या मुलीच्या आईनं यातून दुसरं काय समजायचं? तानाबाईला क्षणभर त्याच्या धाडसाचं नवल वाटलं. पोरगा स्वतःच्या तोंडानं असं सांगतो? पण आजकालची पोरं. आईबापांना मागाहून आणतात, आधी एकटे येऊन चौकशी करतात. आणि मुलाकडच्यांनी गुपचूप चौकशी चालवली असेल तर मुलीकडच्यांनी ती ओळखल्याचं दाखवायचं नसतं, हे तिला आईनं शिकवलं होतं. विचारलं की हातचं जातं. तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. खालच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेली कपबशी होती, निळ्या फुलांची, मुलगी पाहायला येणाऱ्यांसाठी घेतलेली. ती काढली आणि दीपमालाला हाक मारली.

दीपमालानं कपबशी नेऊन दिली. नागसेननं मोबाइलातून मान वर न काढता ती घेतली. तानाबाईला वाटलं, लाजाळू आहे. सद्गुणी आहे.

तो रोज भर दुपारी, ट्रकांची गर्दी ओसरल्यावर येऊ लागला. बाकावर बसायचा, रस्त्याकडं पाहायचा, मोबाइलात काहीतरी टिपायचा. दीपमालाच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही. "आई, तो गाड्या मोजून राह्यला," ती म्हणाली.

"मोजंनच. आपल्या इथं कोन येते, कोन जाते, ते पाहून राह्यला. पोरगी देनाऱ्या घरी कशी मानसं बसतात ते नाई पाहीन का?"

 दुसऱ्या दिवशी दीपमाला ओढणीला इस्त्री करून आली, आणि कानात बारीक खड्यांची फुलं होती. तानाबाईनं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. पोरीनं पुष्कळ दिवसांत आरशात पाहिलं नव्हतं.

मग नागसेननं तो प्रश्न विचारला. "मावशी, इथं जास्त करून कोण थांबतं? ट्रकवाले की कारवाले?"

तानाबाईला सिंदी मेघे आठवलं. समुद्रपूरची माणसं एसटीत चढताना आठवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत तिनं पदर नीट केला. "ट्रकवाले? आपल्या इथं ट्रकवाले नाई थांबत, बापू. आपल्या इथं सारे फ्यामिलीवाले. नागपूरचे डॉक्टर, वकील. सुट्टीच्या दिवशी बायका-लेकरं घेऊन येतात. बसाले जागा नाई राह्यत."

"पण त्या दिवशी दोन ट्रक होते."

"ते पत्ता विचाराले थांबलते."

खोटं एकदा बोललं की त्याला राखण लागते. दुसऱ्याच दिवशी नागसेन बाकावर बसलेला असताना मोतीलालचा ट्रक कडेला लागला. तानाबाई लगबगीनं पुढं गेली आणि त्याला खाली उतरण्याआधीच गाठलं. "भैया, आज इधर नको. गाडी आगे लगाव. चाय पेड के पीछे भेजती मैं."

मोतीलाल पायरीवर एक पाय ठेवून तसाच राहिला. निंबाला बांधलेली ती ताडपत्री त्याच्या डोक्यावर हलत होती. "क्या हुआ, बहन?"

"पोरीले पाहाले आलेत."

म्हातारा लगेच समजला. त्याला स्वतःला तीन मुली होत्या. त्यानं ट्रक पुढं नेऊन लावला, निंबामागं धुळीत उकिडवा बसून चहा प्यायला आणि ग्लास झाडाच्या बुंध्याशी ठेवून गेला. बाकीच्यांना त्यानंच सांगितलं असणार, कारण त्या आठवड्यात हळूहळू सगळेच ट्रक न थांबता जाऊ लागले. जाताना फक्त हॉर्न द्यायचे. तानाबाईचं दूध उरायचं, नासायचं. ती म्हणायची, असू दे, चार दिवसांचा प्रश्न आहे. लग्न ठरलं की बोलावीन सगळ्यांना, मांडवात पहिल्या पंगतीला बसवीन.

नागसेन गेला. जाताना म्हणाला, "मावशी, तुमची फार मदत झाली. कळवतो लवकरच."

कळवतो म्हणाला. तानाबाईनं पोहे आणून ठेवले, पातळ धुऊन ठेवलं. निरोप आला नाही. त्याऐवजी टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन माणसं आली आणि निंबाभोवतीची जागा मोजू लागली. जागा तानाबाईची नव्हतीच. गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची पडीक पट्टी होती, आणि इतकी वर्षं ती तिथं बसते याला त्यानं कधी हरकत घेतली नव्हती. आता त्यानं ती कंपनीला भाड्यानं दिली होती. "तानाबाई, टपरी उचला. कॉफीचं मोठं दुकान होऊन राह्यलं," त्यानं सांगितलं.

ती भांडली असती. ज्या बाईनं हायवेच्या रुंदीकरणाच्या वेळी बुलडोझरपुढं स्टोव्ह पेटवून ठेवला होता, ती या चुन्याच्या रेघांना काय भिणार? पण मोजणाऱ्यांबरोबर नागसेन उभा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात नकाशा. लोक त्याला साहेब म्हणत होते. तो तिच्याजवळ येऊन हसला. "मावशी, तुमच्यामुळंच झालं हे. तुम्ही सांगितलं म्हणून हीच जागा पक्की केली."

तानाबाईनं त्याच रात्री दीपमालाला सांगितलं, पोरगा साधा नोकरदार नाही, साहेब आहे. आणि होणाऱ्या जावयाच्या कामात आपणच आडवं कसं जायचं? टपरी तिनं आपल्या हातानं सोडली. ताडपत्रीच्या गाठी वर्षानुवर्षांच्या उन्हानं दगड झाल्या होत्या, त्या विळ्यानं कापाव्या लागल्या. निंब कंपनीच्या माणसांनी कापला.

रस्त्याच्या पलीकडं तिनं पुन्हा स्टोव्ह मांडून पाहिला. पण मधे दुभाजक होता, आणि हैदराबादकडं जाणारा माणूस चहासाठी दुभाजक ओलांडत नाही. नागपूरकडं जाणाऱ्यांना तिची सवय नव्हती. पावसाळ्याच्या तोंडाशी तिनं स्टोव्ह घरी नेला आणि दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जाऊ लागली.

दुकान मात्र झोकात उभं राहिलं. सगळं काचेचं, आत थंडगार. नाव इंग्रजी, कुणाच्या तोंडात बसेना. पाटीवर एका पायावर उभा असलेला बगळा होता, म्हणून गाव त्याला बगळा म्हणू लागलं. विदर्भ म्हणजे संत्री, असं काचेच्या खोलीत कुणीतरी सांगितलं असावं, म्हणून त्यांनी खास इथल्यासाठी संत्र्याची कॉफी काढली होती. ती एकदा प्यायलेला माणूस पुन्हा तिचं नाव काढत नसे. दीपमालाला तिथं कामावर घेतलं. तपकिरी एप्रन बांधून टेबलं पुसायची, कप उचलायचे. तानाबाईला यातही नागसेनचाच हात दिसला. सून करायच्या आधी पोरीला चार इंग्रजी शब्द यावेत, एवढाच त्याचा हेतू, असं ती शेजारणींना सांगायची. शेजारणी माना डोलवायच्या आणि पाठ फिरली की हसायच्या.

पण पुसायला टेबलावर काही सांडायला तर पाहिजे. नागपूरच्या कार भर्रकन निघून जात, कारण त्या आधीच वाटेतल्या जाम गावाला थांबून, खाऊनपिऊन पुढं आलेल्या असत. त्या पूर्वीही कधी वडनेरला थांबत नव्हत्या. थांबत होते ते ट्रक, आणि ट्रकांना आता दारातल्या गार्डनं मनाई होती. एकदा मोतीलाल आला. ट्रक लांब उभा करून चालत आला, काचेतून दीपमालाला ओळखलं, हात वर केला. गार्डनं त्याला दारातच अडवलं. दीपमाला बाहेर यायला निघाली, तर मॅनेजरनं तिला टेबल पुसायला सांगितलं. ती आधीच पुसलेलं टेबल पुसत राहिली. तिनं मान वर केली तेव्हा मोतीलाल पाठमोरा चालला होता.

वर्षभरही झालं नाही. काचेच्या खोलीतल्या लोकांनी दिशा बदलली. हायवे नको, विमानतळ बरे, असं ठरलं. एका सकाळी ट्रक आला, खुर्च्या गेल्या, यंत्रं गेली, बगळा खाली उतरवून आडवा घालून नेला. दीपमाला एप्रन धुऊन परत करायला गेली तर घ्यायला कुणी नव्हतं. काचा राहिल्या. मग पोरांनी दगड मारून त्याही फोडल्या. जागामालकानं कुलूप लावलं आणि कुणालाही तिथं बसू द्यायचं नाही असं ठरवलं. एकदा मोठं भाडं पाहिलेल्या माणसाला पडीक पट्टी फुकट देववत नाही.

आणि मग नागसेन आला. फाट्यावर नाही, थेट गावात, घरी.

तानाबाई वावरातून येऊन पाय धूत होती. दारात मोटारसायकल थांबली, तो उतरला, आणि ती ओल्या पायांनीच उठली. आला. उशिरा का होईना, आला. शर्ट चुरगळलेला होता, दाढी वाढली होती, गळ्यात कार्ड नव्हतं, पण हे तिला दिसलं असून दिसलं नाही. "बस बापू, बसजो," म्हणत तिनं सतरंजी झटकली आणि आत जाऊन दीपमालाच्या कानात काहीतरी सांगितलं. आत फडकं सोडल्याचा आवाज झाला. कपबशी निघाली.

नागसेन बसला नाही. "मावशी, एकच विचाराले आलो." त्याची कचेरीतली भाषा कुठं गळून पडली होती. "तुमी मले काऊन सांगतलं का ट्रकवाले नाई थांबत म्हनून?"

"काऊन म्हंजे?"

"तुमच्या भरवशावर मी लिहून देल्लं. फ्यामिलीवाले थांबतात म्हनून. तुमच्यासारखी सज्जन बाई खोटं काऊन बोलंन, असं वाटलं मले. दुकान बुडालं. सारं माया माथी मारलं. काढून टाकलं मले. भावाचं शिक्षन सुटलं." त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं ते ऐकणं जास्त कठीण होतं. "मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

तानाबाईला निम्मं कळलं, निम्मं कळलं नाही. पण एवढ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडं होतं, आणि ते तिला अगदी सरळ वाटत होतं. "आता बापू, पोट्टी दाखवतानी कोन खरं सांगते? ट्रकवाले येतात म्हनून दोन जागा मोडल्या होत्या तिच्या. तुमी स्थळ पाहाले आले म्हनले. मी काय सांगाले पायजे होतं?"

 नागसेनला खरोखरच उलगडा होत नव्हता.

"कोनती पोट्टी?" त्यानं विचारलं.

दीपमाला उंबऱ्यात उभी होती. हातात ट्रे, ट्रेत निळ्या फुलांची कपबशी, कानात ती खड्यांची फुलं. नागसेननं तानाबाईच्या नजरेच्या रोखानं वळून पाहिलं, आणि ओळख पटली तसा त्याचा चेहरा जरा सैल झाला. "तुमी त्या दुकानात कप उचलत होत्या ना?" तो म्हणाला.

"हो," दीपमाला म्हणाली. "च्या घ्या."

त्यानं उभ्याउभ्याच चहा घेतला, कारण नाही म्हणणं त्याला जमलं नाही. कप बशीत ठेवताना त्याच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. त्यानं एकदा दीपमालाकडं आणि एकदा सतरंजीकडं पाहिलं, आणि तो जयभीम म्हणून निघून गेला. मोटारसायकलचा आवाज हायवेपर्यंत ऐकू येत होता.

तानाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला रडायचं होतं, पण पोरीसमोर कसं रडायचं ते सुचत नव्हतं. दीपमालानं कपबशी विसळली, पुसली, आणि फडक्यात न गुंडाळता रोजच्या ग्लासांत उपडी घातली. कानातली फुलं काढली. मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली ताडपत्री ओढून काढली, अंगणात पसरली आणि कापलेल्या गाठींच्या जागी नवी दोरी ओवता येते का ते पाहू लागली.

"आई," ती म्हणाली, "मोतीलालकाकाचा नंबर हाय का तुयापाशी?"

तानाबाईनं मान हलवली. नंबर कधी घेतलाच नव्हता. तो माणूस आपण होऊन येत होता.